देवक बसेपर्यंत

त्या चैत्रात आमच्या घरातले आम्ही चौघंही एका गरोदर बाईच्या पोटावर नजर ठेवून होतो, आणि आतलं बाळ लवकर येऊ नये असं देवाला रोज सांगत होतो. ती बाई म्हणजे माझ्या चुलत भावाची बायको. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणारी. तिनं आमचं काही वाईट केलं नव्हतं. तिचे दिवस आणि माझ्या लग्नाची तारीख शेजारी शेजारी आली, एवढाच तिचा गुन्हा.

पिंपळे गुरवमध्ये एका गुंठ्यावर उभं केलेलं आमचं घर. आजोबा बीडकडून इथं कंपनीत लागले तेव्हा त्यांनी ती जागा घेतली होती. त्यांच्या मागे खालचा मजला बाबांना आला, वरचा काकांना, आणि जिना दोघांचा. गच्ची काकांच्या डोक्यावर असल्यामुळे तिची किल्लीही त्यांच्याकडेच राहिली. पाण्याची टाकी गच्चीवर. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे टाकी ज्याच्या हातात त्याच्या हातात घर. त्या चैत्राच्या चार वर्षं आधी ऐन उन्हाळ्यात आमच्या नळाला दोन दिवस थेंब आला नाही. बाबा वर गेले तर आमच्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद. काका म्हणाले, चुकून फिरला असेल. बाबा म्हणाले, चुकून फिरायला तो पंखा आहे का? त्या एका वाक्यावर दोन सख्ख्या भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर सुंभही शाबूत होता.

त्यानंतर वरच्यांचे शब्द आमच्या कानावर यायचे ते फक्त माझ्या गाडीवरून. मी तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला लागल्यावर एक जुनी छोटी गाडी घेतली होती. ती फाटकाच्या आत उभी राहायची आणि वरच्या चुलत भावाच्या मोटरसायकलला अडचण व्हायची. मग काकू जिन्यात उभ्या राहून, आमच्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्यानं म्हणायच्या, ‘गाडी काढा.’ मी मुद्दाम पाच मिनिटं थांबून काढायचे. मला त्यात आनंद मिळायचा, हे कबूल करते.

माझं लग्न खरं म्हणजे माघात ठरलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, हॉल ठरला होता. लग्नाला चार दिवस राहिले असताना काका पहिल्यांदाच आमच्या दारासमोर येऊन थांबले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले की गावाकडचा चुलतभाऊ गेला, सुतक आहे, दहा दिवस पाळा. आणि चपला न काढताच वर निघून गेले. गावाहून फोन त्यांना आला होता, आम्हाला नाही. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. चुलतभाऊ गेला याचं दुःख बाबांना होतंच, पण आई रात्रंदिवस एकच घोकत होती की हा माणूस चार दिवस गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं. भटजी म्हणालेच होते की सोयर असो की सुतक, कानावर पडलं तरच लागतं. न कळलेल्याचा दोष नाही. म्हणजे काकांनी आम्हाला मरणाची बातमी दिली नव्हती, आमचं लग्न मोडायला आणून दिली होती, असा आईचा निकाल लागला. मीही त्यावर सही केली.

लग्न पुढे गेलं. नवऱ्याकडच्यांनी ते चांगल्या तोंडानं ऐकून घेतलं नाही. त्याला कंपनी चेन्नईच्या प्लांटला दोन वर्षांसाठी पाठवत होती. चैत्रातला एक रविवार सगळ्यांना जमला. त्यानंतरच्या बुधवारी त्याचं विमान. होणाऱ्या सासूबाई फोनवर आईला म्हणाल्या, आता तिसरी तारीख आम्ही काढणार नाही, ताई. आवाज अगदी गोड होता. आईनं फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. मी तेव्हा तिशी ओलांडली होती आणि आमच्या भावकीत त्या वयाच्या बिनलग्नाच्या मुलीकडे लोक ज्या नजरेनं बघतात ती मला पाठ झाली होती. मला तो मुलगा आवडला होता. मला ती तारीख हवी होती. ती माझ्या हातून कुणी घेतली असती तर मी चावले असते.

आणि मग कळलं की वरच्या वहिनीला डॉक्टरांनी तारीख दिली आहे ती माझ्या लग्नानंतर आठच दिवसांची. भावकीत बाळ जन्मलं की दहा दिवस सोयर. त्या दहा दिवसांत ना देवाला हात, ना देवक, ना हळद. आठ दिवसांचं अंतर तसं पुरेसं होतं, पण माझी मावशी अकरा बाळंतपणं पाहिलेली. ती लग्नासाठी महिनाभर आधीच येऊन राहिली होती आणि खात्रीनं म्हणाली की पहिलटकरणीचा काही भरवसा नसतो. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात पत्रिका, साड्या आणि पोट असे तीन विषय राहिले.

मार्च एंडची धामधूम आधीच अंगावर होती. बाबा चाकणला कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये. मार्चभर त्यांनी घर पाहिलं ते झोपायलाच. एप्रिल लागल्यावर सुट्टी मिळेल असं म्हणत होते, तर साहेबानं सांगितलं की लग्नाचे चार दिवस देतो, त्याच्या आधी तोंड दाखवू नको. धाकटा भाऊ पत्रिका वाटायला बीडपासून भोसरीपर्यंत फिरत होता. माझ्या ऑफिसात त्याच दिवसांत रिलीज. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून मी दुसऱ्यांच्या चुका शोधायचे आणि मधेच उठून रुखवताच्या कुरडया हलवायचे. गच्ची बंद, त्यामुळे कुरडया, पापड सगळं फाटकासमोर खाटेवर वाळत असायचं, आणि कुत्र्यांना हाकलायला मावशी काठी घेऊन बसलेली. पाडव्याला गुढी उभारली ती खिडकीच्या गजाला बांधून. वरची गुढी गच्चीवर, झोकात. आई ती बघून म्हणाली, ‘यांची वर, आपली बोडक्यावर.’

वहिनी संध्याकाळी जिन्यातून फिरायला उतरायची. हात कठड्यावर, एकेक पायरी. आई खिडकीच्या पडद्याआडून बघायची आणि मावशीला सांगायची की आज पोट खाली उतरल्यासारखं दिसतंय. मग दोघी आकडेमोड करायच्या. एकदा वहिनीनं खिडकीकडे बघून हसायचा प्रयत्न केला. आईनं पडदा ओढला. माझं लग्न होतं म्हणून आम्ही घरात सगळीकडे तोरणं लावली होती आणि माणसांची तोंडं मात्र न्यायालयात तारखेला आल्यासारखी.

आईनं भटजींना गाठलं. चैत्रातले भटजी म्हणजे मंत्र्यांपेक्षा दुर्मीळ. त्यांनी तोडगा सांगितला: देवक एकदा बसलं की मग सोयर आलं काय, सुतक आलं काय, लग्न अडत नाही. नेहमी आदल्या दिवशी बसवतो ते तुमच्यासाठी गुरुवारी बसवतो, तीन दिवस आधी. त्याच्या आधी मला वेळ नाही. म्हणजे गुरुवारी सकाळपर्यंत वरच्या मजल्याची बातमी आमच्या कानावर येता कामा नये. आईनं त्या सोमवारी फर्मान काढलं. वरच्यांचा फोन आला तर उचलायचा नाही. जिन्यात भेटले तर थांबायचं नाही. शेजारच्यांशी वरच्यांचा विषय काढायचा नाही. दार वाजलं तर आधी कोण ते विचारायचं, आणि वरचं असलं तर उघडायचं नाही. ‘गेल्या खेपेला दारात येऊन घात केला,’ आई म्हणाली, ‘ह्या खेपेला दारच नाही देणार.’ तिचा हा डाव मला फार हुशारीचा वाटला होता. मी हसले होते.

मंगळवारी दुपारी दोन वाजता दार वाजलं.

बाबा पहिल्या शिफ्टला, भाऊ बीडला. घरात आई, मावशी आणि मी. मी घरूनच काम करत होते, पण नुकतीच जेवून उठले होते आणि पाण्याची बाटली घेऊन दारापाशी आले होते. बाहेरच्या खाटेवरचे पापड उलटायचे होते. म्हणून दार वाजलं तेव्हा माझा हात जवळजवळ कडीवरच होता.

‘अक्का,’ बाहेरून आवाज आला. ‘ओ अक्का.’

काकू. चार वर्षांत त्यांनी आईला अशी हाक मारली नव्हती. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मावशी कुजबुजली की सांगायला आली, झाली बाळंत. काकू पुढे काहीतरी बोलायला लागल्या. तेवढ्यात आई वळली, ओट्याशी गेली आणि तिनं मिक्सर चालू केला. भांड्यात काही नव्हतं. रिकामं भांडं मिक्सरवर किती किंचाळतं ते मला त्या दिवशी कळलं. आईनं बटण तिसऱ्यावर नेलं आणि हातानं झाकण दाबून धरलं. दार पुन्हा वाजलं, या वेळी तळव्यानं. मिक्सरच्या त्या आवाजातूनही माझ्यापर्यंत एक शब्द आला. गाडी.

तो शब्द मला नीट ऐकू आला. मी हे इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. ऐकून मला वाटलं, बघा, सून बाळंत होतेय तरी यांना माझी गाडी काढायला हवी. चार वर्षं त्या शब्दाचा मला एवढाच अर्थ माहीत होता. पण त्या आवाजात भांडण नव्हतं, हेही मला त्याच क्षणी कळलं होतं. मी कडीवरचा हात काढला नाही आणि कडीही काढली नाही. डोक्यात रविवार होता. बुधवारचं विमान होतं. मी दाराला कपाळ टेकून उभी राहिले, मिक्सर थांबेपर्यंत.

थांबला तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. मग वर धावपळ, जिन्यावर दोन बायकांची पावलं, एक धपापतं, थांबत थांबत येणारं. फाटक वाजलं. खिडकीतून बघू नको, आई म्हणाली. बघितलं म्हणजे कळलं. मावशीनं तिघींसाठी सरबत केलं. मी लॅपटॉपपाशी जाऊन बसले आणि चार वाजेपर्यंत काम केलं. चांगलं केलं, एक मोठी चूक पकडली म्हणून लीडनं कौतुकही केलं.

गुरुवारी देवक बसलं. पंचपल्लव आले, आईनं डोळे पुसले, बाबांनी भटजींच्या पायावर डोकं ठेवलं. सुटल्यासारखं वाटलं सगळ्यांना. दुपारी समोरच्या घरातल्या वहिनी हळदीकुंकवाला आल्या, देवक बसलंय ना याची दोनदा खात्री करून घेतली आणि मग पदरानं वारा घेत बोलल्या.

मंगळवारी दुपारी वरच्या सुनेच्या अंगावरून पाणी गेलं होतं. काका भोसरीला वर्कशॉपमध्ये, मशिनवर. मुलगा चाकणला, तिथं शॉपवर मोबाइल नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. काकूंनी त्याला अकरा वेळा फोन केला. ॲम्ब्युलन्सला लावला तर ट्रॅफिकमध्ये अर्धा तास लागेल म्हणाले. गल्ली ड्रेनेजसाठी खणलेली. रिक्षा आत येत नव्हत्या, पण खणलेल्या चराच्या कडेनं एक छोटी गाडी तेवढी निघत होती. लग्नाच्या खरेदीला मी रोज काढतच होते. म्हणून काकू खाली आमच्या दारापाशी आल्या होत्या. मग सासू-सुना त्या उन्हात गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या. रिक्षा मिळाली. नाशिक फाट्याच्या सिग्नलला बाळ रिक्षातच झालं. सिग्नलवरच्या पोलीस बाईनं ओढणी धरली, रिक्षावाल्यानं तोंड फिरवून वाहनं अडवली. मुलगी झाली. तोंडात पाणी गेलं होतं, रडली नाही. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. वाचेल म्हणतात, पण डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत.

आणि हे सगळं तुम्हाला आज सांगते, त्या म्हणाल्या, कारण तुमच्या दिरांनी आख्ख्या गल्लीला बजावलं होतं. म्हणाले, खाली लग्न आहे. देवक बसेपर्यंत कुणी त्यांच्या कानावर घालायचं नाही.

 आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून विचारलं, ‘देवक बसून किती वेळ झाला?’ मला त्या क्षणी माझ्या आईचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता. आणि तोंडातून एक शब्द काढला नाही मी तिच्यासमोर. कसा काढणार? तिनं जे विचारलं ते मीही मनात मोजूनच बसले होते.

शुक्रवारी कुणी विचारलं तर आई सांगत होती की दुपारी आम्ही झोपलो होतो. शनिवारी झोपेऐवजी मिक्सर आला: चटणी वाटत होतो, काही ऐकूच आलं नाही. रविवारी लग्न लागलं. मंडपात पाहुणे कुजबुजत होते की सख्खा चुलता फिरकला नाही, पुतणीच्या अक्षतांनासुद्धा नाही. कसे येणार, त्यांना सोयर होतं, आणि त्यांची नात पेटीत होती. हे आम्हाला माहीत होतं. तरी एका मामींनी मुद्दाम आईला विचारलं तेव्हा आई म्हणाली, मनात अढी असली की असंच होतं, आपण काय करणार. मी शालू नेसून दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला ऐकू आलं. मुंडावळ्यांच्या आडून मी नवऱ्याकडे बघून हसले. त्या फोटोत मी फार छान दिसते असं सगळे म्हणतात.

नवरा बुधवारी गेला. मी महिन्यानं मागून जाणार होते. मधे चार दिवस माहेरी आले, तेव्हा कळलं की मुलीला घरी आणलंय. अकरा दिवस पेटीत होती. आई म्हणाली, जाऊ नको, उगाच कशाला विषय उकरायचा. मी बाजारातून झबलं-टोपडं आणलं आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्या जिन्यानं वर गेले. मनात वाक्य तयार होतं. पायरीपायरीला म्हणून पाहत होते.

काकूंनी दार उघडलं. आत वहिनी खाटेवर भिंतीला टेकून, मांडीवर एवढंसं गाठोडं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि परत मुलीकडे पाहायला लागली. काकूंनी मला आत ये म्हटलं नाही, जा असंही नाही. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले आणि म्हणाले, ‘काकू, आम्हाला खरंच ऐकू आलं नाही. मिक्सर चालू होता.’

मला वाटलं होतं त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर मी भांडले असते, भांडायची मला सवय होती. पण त्या खालच्या आवाजात बोलल्या, बाळ झोपलंय म्हणून.

‘ऐकू आलं नसंल, बाई. पण दाराखालच्या फटीतून पाय दिसत होते. पायात जोडवी नव्हती. म्हणजी तुझेच.’

मी खाली माझ्या पायांकडे पाहिलं, आता त्यांत जोडवी होती.

‘मी लई येळ उभी ऱ्हायले,’ काकू म्हणाल्या. ‘म्हटलं, पोरगी तरी उघडील.’

मग त्यांनी माझ्या हातातलं झबलं घेतलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.